नणंदेच्या सोबतीला जिममध्ये

माझी नणंद पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत गोळाफेकीत मागे पडली, म्हणून मी जिमला जायला लागले. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, पण झालं ते असंच. धावण्यात तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. गोळा मात्र हातातून सुटला की जवळच कुठेतरी धप्पकन पडायचा. त्या दिवशी घरी आली ती सरळ मोरीत गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. बाहेर येऊन मला म्हणाली, "वहिनी, पायात जोर आहे गं, पण खांद्यात काहीच नाही."

आमचं घर नगरजवळ भिंगारला, बाजाराच्या मागच्या गल्लीत. सासरे लष्कराच्या एका खात्यात सिव्हिलियन म्हणून नोकरीला होते. ते गेल्यावर क्वार्टर सोडून सासूबाईंनी ही जागा घेतली. नवरा एमआयडीसीत पाळीवर जायचा. कॅम्पकडे जाणाऱ्या रस्त्याला एक पत्र्याची शेड होती, तिथे फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार जिम चालवत. सगळे त्यांना सर म्हणायचे. नणंदेला तिथे जायचं होतं. सासूबाईंनी एकच अट घातली, "एकटी जायचं न्हाई. पोरं असत्यात तिथं. वहिनीला घेऊन जा."

पहिल्या दिवशी मी ओढणी नीट पिनांनी टाचून, पर्स मांडीवर घेऊन एका बाकावर बसले. सर जवळ आले. मिरजगावकडचे होते, इतकी वर्षं फौजेत काढूनही बोलणं तसंच राहिलं होतं.

"ताई, ते बसायचं बाकडं न्हाई. त्याच्यावर झोपून वजन उचलायचं असतं. तुमाला उचलायचं नसंल तर भाईर खुर्ची टाकतो."

बाहेर ऊन होतं. शिवाय आतली तीन-चार पोरं माझ्याकडे बघत होती. का कोण जाणे, मी म्हणून गेले, "उचलते की."

त्यांनी मला वजनाचा लोखंडी बार दिलाच नाही. हातात एक पोकळ पाइप दिला, तो मानेमागे धरून उठा-बशा काढायला लावल्या. पाय इतके उघडे, टाचा जमिनीला, छाती वर. दुसऱ्या दिवशी मला जिना उतरता येईना. सासूबाई माझ्या मांड्यांना तेल चोळत म्हणाल्या, "भरती तिला व्हायचंय. तू कशाला मरती?" पण संध्याकाळी नणंद निघाली तशी मीही चप्पल घातली.

पाइपच्या जागी रिकामा बार आला, मग बारला वजनाच्या छोट्या प्लेटा लागल्या. मला सगळ्यात आवडायची ती डेडलिफ्ट. जमिनीवर पडलेलं वजन वाकून धरायचं आणि ताठ उभं राहायचं, बस्स. माहेरी पुणतांब्याला उसाच्या मोळ्या, पाण्याच्या कळशा उचलल्या होत्या, पण तेव्हा उचलणं म्हणजे काम होतं. कुणी कधी पाठीमागे उभं राहून "पाठ सरळ, पाठ सरळ" म्हटलं नव्हतं. सर म्हणायचे. बार नडग्यांना घासत वर यायचा, कातडी सोलायची. आम्ही दोघी घरी येऊन एकमेकींच्या नडग्यांना हळद लावायचो आणि उगाच हसायचो.

एकदा गॅसवाला भरलेली टाकी खालीच ठेवून गेला. नवरा पाळीवरून आला तर टाकी वर, स्वयंपाकघरात.

"कुणी आणली?"

"मी."

त्याने टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टाकी जरा हलवून भरलेली आहे ना याची खात्री केली. दुसऱ्या दिवशी कंपनीत त्याने ही गोष्ट सगळ्यांना सांगितली, हे मला फार नंतर कळलं.

शेडच्या मागच्या बाजूला निळ्या मॅट अंथरलेल्या होत्या. रविवारी सकाळी तिथे मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा वर्ग असायचा. सरांकडे गावाकडची कुस्ती होती, फौजेतलं बॉक्सिंग होतं आणि लाथांचे, हात-मान अडकवण्याचे डाव त्यांनी उतारवयात शिकून घेतले होते. नणंद एका रविवारी बघायला थांबली आणि मग तिचं पाऊल तिथून निघेना. तिच्या वजनाची दुसरी मुलगी नव्हती, म्हणून जोडीला मी.

ठोसे मारायला मला लवकर जमलं. खायला जमेना. पहिल्यांदा तिचा ठोसा माझ्या गालावर बसला तेव्हा लागलं असं काही नव्हतं, हातमोजे जाड होते. पण मला रडूच फुटलं. माझ्यावर तोवर कुणी हात उचललेला नव्हता, आणि आता उचलला तो मी जिच्या वेण्या घातल्या होत्या त्या पोरीने. मला रडताना बघून तीही रडायला लागली. आम्ही दोघी मॅटच्या मधोमध उभ्या राहून मुसमुसत होतो आणि पोरं कुठे बघावं ते न कळून पत्र्याकडे बघत होती.

सर पाण्याची बाटली घेऊन आले. "रडू आलं तर येऊ द्या," ते शांतपणे म्हणाले, "फक्त हनुवटी खाली ठेवून रडा. वर केली की पुन्हा बसंल."

त्यानंतर मी रडले नाही असं नाही. पण हनुवटी खाली ठेवायला शिकले.

काही महिन्यांनी नगरला याच खेळाच्या जिल्ह्याच्या स्पर्धा लागल्या. नणंदेची पुढची भरती जवळ आली होती, तिला सरांनी साफ नाही म्हटलं. "हात मोडून घेतला तर गोळा कोण टाकंल?" मग माझ्याकडे वळले. "ताई, तुमी उतरा." माझी तिशी उलटून गेली होती. घरी विचारते, मी म्हणाले.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमी तिथं नेमकं करता काय, ते मला दाखवा."

आम्ही पलंग भिंतीला लावला, गाद्या खाली टाकल्या. नणंदेने माझ्या कमरेत शिरून दोन्ही पाय ओढले आणि मी आडवी झाले. सासूबाई ओरडल्या, "अगं बया, मारती का तिला!" मी हसत उठले. त्यांना नीट दिसावं म्हणून आम्ही परत केलं. हाताला पीळ बसला की समोरच्याच्या अंगावर थाप मारायची, थाप पडली की लगेच सोडायचं, हेही समजावलं. त्या दाराला टेकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् मागनं कुनी धरलं तर?"

नणंदेने मला मागून मिठी घातली. मी बूड खाली टाकलं, तिची मनगटं पकडली, वळले आणि सुटले.

"परत," सासूबाई म्हणाल्या. आम्ही परत केलं.

"परत."

तिसऱ्यांदा झाल्यावर त्या गादीच्या कडेला बसल्या. "मी लाँड्रीत कामाला जायची तवा, पुलाच्या अलीकडं..." एवढं बोलून थांबल्या. नणंदेने विचारण्यासाठी तोंड उघडलं, मी तिचा हात दाबला. सासूबाईंनी पदर सारखा केला. "आमच्या वक्ताला हे कुनी शिकवलं असतं तर लई बरं हुतं," म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. मिक्सरशेजारी ठेवलेली चहापत्तीची बरणी त्यांना दोनदा शोधावी लागली, समोर असून.

त्या दिवसानंतर कुणासोबत जाताय, किती वाजता येणार, असं त्यांनी आम्हाला कधी विचारलं नाही.

स्पर्धेत मी हरले. माझ्यासमोर संगमनेरकडची कॉलेजातली एक मुलगी होती, चपळ, लांब हातांची. पहिल्या फेरीत मी तिला खाली पाडलं आणि तो क्षण अजून माझ्या खांद्यांना आठवतो. तिचं सगळं वजन माझ्या हाती आलं होतं आणि मला ते पेललं होतं. दुसऱ्या फेरीत तिने माझा हात अडकवला. कोपर ताणायला लागलं तशी मी थाप मारली. तिने लगेच सोडलं आणि मला हात देऊन उठवलं. वर तिनेच विचारलं, "ताई, लागलं नाही ना?"

सासूबाई नवऱ्याबरोबर मागच्या रांगेत बसल्या होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी माझं कोपर हातात घेऊन इकडून तिकडून बघितलं. "पोरगी चांगली हुती," म्हणाल्या. "पर आधी तू पाडलं तिला. म्या बघितलं." रिक्षात बसल्यावर त्यांनी नवऱ्यालाही हेच ऐकवलं, जणू तो तिथे नव्हताच.

नणंदेचा गोळा पुढच्या भरतीत लांब गेला. यादीत तिचं नाव आलं आणि ती ट्रेनिंगला गेली. ती गेली त्या संध्याकाळी मी एकटीच शेडमध्ये आले. बार भरला, उचलला. खाली ठेवताना सवयीने शेजारी बघितलं, "बघितलंस का?" म्हणायला. शेजारी कुणी नव्हतं. माझी मीच आकडा मोठ्याने म्हटला. सरांनी ऐकलं असावं, कारण लांबूनच म्हणाले, "बरोबर हाय, अजून दोन काढा."

आता ती शेड नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा पाडली आणि सर मिरजगावला शेतावर गेले. मी मेन रोडच्या नव्या जिमला जाते. तिथे एसी आहे, भिंतभर आरसे आहेत, गाणी लागलेली असतात. वजनं तेव्हापेक्षा जास्त उचलते. तिथल्या बाया विचारतात, "तुम्ही कशा काय वळलात याच्याकडे?" तेव्हा मी गोळाफेकीपासून सांगायला लागते आणि मध्येच मला ती शेड आठवते. दुपारी तापून संध्याकाळी कडकड वाजणारा पत्रा, कॅम्पाच्या मैदानावरून येणारे परेडचे आवाज, चुन्याने रंगवलेल्या भिंतीवर आमच्या ओल्या पाठींचे ठसे. प्लेट जमिनीवर पडली की चिमण्या एकदम उडायच्या आणि लगेच परत येऊन बसायच्या.

गेल्या उन्हाळ्यात नणंद सुट्टीवर आली तेव्हा आम्ही दोघी मिरजगावला सरांना भेटायला गेलो. ते कांदे साठवायच्या चाळीपाशी उभे होते, उन्हाने जास्तच काळवंडलेले. ती वर्दीत नव्हती, तरी तिला बघताच त्यांनी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. ती लाजली, आणि मग तिनेही ठोकला. त्यांच्या बायकोने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना ते बांधापर्यंत आले, एसटी दिसली तरी बोलतच होते. शेवटी त्यांनी मला विचारलं, "ताई, किती उचलता आता?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, कांद्याची पिशवी माझ्या हातात दिली आणि मी ती कशी उचलते, ते बघत उभे राहिले.