पाटीवरचं गाव

वेंगुर्ल्यात राहिलेल्या आणि वेंगुर्ला सोडून जगभर पांगलेल्या माझ्या तमाम माणसांस, अत्यंत जड अंतःकरणाने आणि नवऱ्याचा सल्ला झुगारून कळवण्यात येते की, मी जळते. अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या बर्फात, घरातल्या हीटरपेक्षा जास्त जळते. शेजारच्या मेलिनवर.

कारण कळायला आधी मला घरातून निघू द्या. मी निघाले ती आमच्या काजूच्या दुकानाच्या पायरीवरून. नवं लग्न, नव्या बॅगा, गोव्याच्या विमानतळासाठी ठरवलेली गाडी. बाबांनी माझ्या पिशवीत पहिल्या प्रतीचे काजू कोंबले. आई म्हणाली, "चेडू गेला. घरातला एक ताट कमी झाला." चेडू म्हणजे मुलगी. डोक्यावर दुकानाची पाटी होती: बाबांचं नाव आणि पुढे 'आणि चिरंजीव'. चिरंजीव, म्हणजे माझा धाकटा भाऊ बाबू, गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. काजू सोलायचे मी, निवडायचे मी, आणि पाटीवर हा! पण तेव्हा जळायला वेळ नव्हता. अमेरिका बघायची होती.

मेलिन दातांची डॉक्टर. मूळची मलेशियातल्या पेनांगची, चिनी वंशाची. पणजोबांच्या पिढीत चीनमधून बोटीने आलेल्या भावांपैकी एक पेनांगला उतरला, एक समुद्रापलीकडे इंडोनेशियात मेदानला, एक वर थायलंडमध्ये फुकेतला. तेव्हापासून ही मंडळी एकमेकांना माल पाठवतायत. मेदानची सुकी मासळी, पेनांगचं जायफळ, फुकेतचे काजू. देश वेगळे, पासपोर्ट वेगळे, भांडायची भाषा मात्र अजून एकच. मेलिनच्या फोनवर दिवसभर कुणी आत्या, कुणी चुलतभाऊ जायफळाच्या भावावरून ओरडत असतात. माझ्या फोनवर गुड मॉर्निंगचे गुलाब येतात.

गेल्या हिवाळ्यात ती चहाला आली ती फुकेतच्या आत्याने पाठवलेले काजू घेऊन. काजू! माझ्या घरी! मी एक चावला. बरा होता. (हे वाक्य मी दोनदा खोडलंय.) मग तिने पेनांगच्या त्यांच्या घरच्या दुकानाच्या नव्या पाटीचा फोटो दाखवला. वर चिनी अक्षरं, खाली गावं: पेनांग, मेदान, फुकेत, मिनेसोटा.

"मिनेसोटा? तू इथे विकतेस काय?"

"नथिंग! पण मी इथे आहे ना. दादा म्हणतो, आपल्यातलं कुणी गेलं की दुकानाला एक गाव वाढतं."

त्यांच्यात गाव वाढतं, आमच्यात ताट कमी होतं. त्या दिवशी मी जेवलेच नाही. म्हणजे जेवले, पण रागाने.

पुढच्या खेपेला मी तिच्यापुढे वेंगुर्ल्याचे काजू ठेवले, निव्वळ हरवायला. तिने डोळे मिटले, उघडले, आणि थेट आत्याला फोन लावला. फुकेतच्या बागा जाऊन तिथे हॉटेलं झालीत, चांगल्या मालाच्या शोधात आत्या होतीच. मी ऐटीत बाबूचा नंबर दिला. झालं! बाबू आणि आत्याचा मुलगा जीवश्चकंठश्च मित्र. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे गैरसमज व्हायला जागाच नाही. वाढदिवसाला मला केकचं चित्र पाठवून मोकळा होणारा माझा भाऊ त्याच्याशी रोज व्हिडिओ कॉल करू लागला. माल फुकेतला गेला, मग पेनांगला. मला कुणी विचारेना.

बाबा आता नाहीत, पाटीचाही रंग उडालाय. मी बाबूला सुचवलं, नवी करशील तेव्हा त्यांच्यासारखी खाली गावं घाल. "घालतंय," म्हणाला. मला काय हवं होतं ते सांगते, हसू नका. एक गाव. कोपऱ्यात, बारीक अक्षरात चाललं असतं. इथे मी वेंगुर्ल्याची, वेंगुर्ल्यात मी अमेरिकेची, दोन्हीकडे पाहुणी. इतक्या वर्षांनी घर म्हणजे मला ना ती पायरी वाटते, ना हा ड्राइव्हवे. आपण नसताना जिथे आपल्याला धरून हिशेब होतो, ते घर. मेलिनला ते फुकट मिळालंय, दात उपटता उपटता.

रविवारी बाबूने व्हिडिओ कॉलवर नवी पाटी दाखवली. मेलिन माझ्या शेजारीच बसली होती. पिवळ्यावर लाल अक्षरं: वेंगुर्ला, पेनांग, फुकेत.

मेलिनने टाळ्या वाजवल्या. मी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यावर पोतंभर काजू भाजून निघाले असते.

"बाबू, अमेरिका खंय आसा?"

"गे ताई, थंय आपले काजू गेले, म्हणान नावां घातलंय. अमेरिकेत काय गेला?"

त्याच्या मागे काजू निवडत बसलेल्या आईने हातातलं सूप आपटलं. पाटी, बाबू, सगळं झाकून तिचा चेहरा स्क्रीनभर झाला, आणि ती ओरडली:

"मेल्या, अमेरिकेत माझा चेडू गेला मां!"