खंडेनवमीचं कुंकू

"तुला कुणी विचारलंय का, आई? नाही ना? मग आपणहून कशाला पुढं व्हायचं?" उदयसिंहनं हातातली भाकरी ताटात टाकली.

"मला न्हाय इचारलं. संघप्रियाला इचारलं, आन् सरळ घरी बसवलं." राहीबाई टेकल्या न टेकल्या तोच पुन्हा उठल्या. वाळत घातलेलं फडकं काढून परत पिळलं.

नेरूळच्या विमानबागेत त्या सहा वर्षं कंत्राटावर माळीकाम करत होत्या. हवाई दलातल्या अगदी सुरुवातीच्या एका वैमानिकाच्या नावाची ती बाग. मधोमध त्या वैमानिकसाहेबांचा संगमरवरी अर्धपुतळा, मागं खांबावर जुनं विमान. राहीबाईंचा थोरला भाऊ फौजेत होता. साताऱ्याकडं, माहेरी, खंडेनवमीला आई त्याच्या पट्ट्याला, ट्रंकेला कुंकू लावायची. यंदा राहीबाईंनी बागेतल्या खुरप्याला, कात्रीला, झारीला कुंकू लावलं आणि साहेबांनाच कसं वगळायचं म्हणून तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट त्यांच्याही कपाळावर ओढलं. तेल दगडात मुरलं. साबण झाला, लिंबू झालं, तांबडा डाग हलेना. चार दिवसांवर साहेबांची जयंती, हवाई दलाचे अधिकारी येणार. पुतळ्याजवळचे वाफे सोबत काम करणाऱ्या संघप्रियाकडं, म्हणून डागाला नाव तिचं आलं.

"बुद्धाच्या इहारात जानारी बाई ती. ती कुंकू लावंल व्हय? येवढं बी कळंना त्या सुपरवायझरला?"

"त्याला सगळं कळतं. त्याला एक नाव पाहिजे होतं, मिळालं," मंजुषा म्हणाली. ही सून, बोलायला फटकळ. "आणि तुमचं काम गेलं तर या वयात कोण ठेवणार तुम्हाला? दिवसभर घरात बसून आम्हालाच खुरपत राहाल."

उदयसिंह हसला. राहीबाई हसल्या नाहीत. त्या खिडकीशी गेल्या, परत आल्या.

"टेन्शन घेऊ नको गं. तिला मिळेल दुसरीकडं," तो म्हणाला. "सीवूड्सला काय बागा कमी आहेत?"

"मंग मलाबी मिळंल की."

तो हळूच म्हणाला, "तू लावलंस हे कुणाला माहीतच नाही, आई."

"तिला हाय. पाइप धरून समोर हुबी व्हती. 'राहीताई, साहेब आता नवरदेव दिसत्यात,' म्हनून हसली बी." राहीबाईंचा आवाज खाली आला. "सुपरवायझर सगळ्यांदेखत बोलला तिला, पन तिनं माझं नाव घेतलं न्हाय. जाताना कात्री दिली हातात. म्हनली, जपून ठेवा, धार हाय तिला."

मंजुषानं ताटं गोळा केली.

राहीबाईंनी फडताळातून ती कात्री काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कामाच्या पिशवीत ठेवली.

"सकाळी सातला सुपरवायझरला सांगनार, कुंकू मी लावलं. तिथनं तिच्या घरी जाऊन कात्री देनार. मंजुषा, उद्या माझा डबा करू नको."