दिवस बुडल्यावरचं एरंडेल

रिसोडच्या बाजारात धापूबाईंच्या घरचं कापडाचं दुकान होतं; पण लोक त्यांना ओळखत ते त्यांच्या नेमामुळे. दिवस बुडायच्या आत त्यांची चूल विझायची. त्यानंतर कुणाच्या तोंडात पाण्याचा थेंबही जायचा नाही. सुनेच्या नाही, सहा वर्षांच्या नातीच्याही नाही.

१९७४ साली ही नात, अंगुरी, वरचेवर तापानं फणफणू लागली. लघवीला जळजळ. गावच्या डॉक्टरांनी अकोल्याला धाडलं. शिरेतून औषध देऊन मूत्रपिंडांचे फोटो काढायचे. पोट साफ हवं म्हणून आदल्या रात्री एरंडेल.

फोटो निघाले. संध्याकाळी अकोल्याच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.

"सगळा गॅस. मूत्रपिंडं झाकून गेलीत. रात्री तेल दिलं होतं?"

सुनेनं, सूरजबाईनं, सासूकडे पाहिलं.

"नाई देल्लं," धापूबाई म्हणाल्या. "दिवस बुडल्यावर आमच्यात काई पोटात जात नाई."

"मग दिवसा द्यायचं!"

"तुमी रात्री म्हनलं. रात्री जमत नाई, म्हनून देल्लंच नाई."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "उद्या सकाळी पुन्हा काढतो. आज रात्री तेल द्या. नाहीतर आत काय बिघडलंय ते कळायचं नाही, आणि पोरीचा ताप काही थांबायचा नाही."

बाहेर दिवे लागले होते. धर्मशाळेत अंगुरी भिंतीकडे तोंड करून बसली.

"मी नाई पेनार. पाप लागते. तूच तं सांगते, आजी."

"लागते."

"मंग?"

"मंग काई नाई. तोंड उघड."

"मी देते, आई," सूरजबाई पुढे झाली.

"तू राहू दे. नेम म्या लावला, मीच मोडतो."

दुसऱ्या दिवशीचे फोटो स्वच्छ आले. डावं मूत्रपिंड लहान, वरच्या टोकाला खड्डा पडलेलं. उजवं धड होतं.

"ते जपायचं," डॉक्टर म्हणाले. "वर्षभर रोज एक गोळी. झोपताना."

"झोपतानाच कायले? दिवसा देतो नं."

"रात्रभर लघवी साठून राहते. औषध तेव्हाच तिथं पाहिजे."

धापूबाईंनी गोळ्यांची पुडी पदराला बांधली.

रिसोडला आल्यावर स्वतःचा नेम त्यांनी तसाच ठेवला. अंगुरीची गोळी मात्र सुनेच्या हातात दिली नाही. अंथरुणं पडली की पाण्याचा पेला घेऊन त्या स्वतःच नातीजवळ बसत. शेजारणी कुजबुजल्या, तेव्हा ओट्यावरून म्हणाल्या,

"पोरगी पेते, मी पाजतो. तुमाले काय करा लागते?"