सुलतानबीची मेथी

सुलतानबीला भाजीतलं कुणी शिकवायचं काम नाही. दौंडच्या बाजारात तीस वर्षं पाटी घेऊन बसलेली बाई. मेथीचं पान दाताखाली धरलं की कालची का आजची, विहिरीची का गटारीची, सांगून मोकळी. नवरा गेला, गुडघे गेले, पाटी सुटली.

आमच्या गल्लीमागं नगरपालिकेची पडीक जागा होती. डुकरं आणि प्लास्टिक, दुसरं काही नाही. तिथं भाजी लावायची कल्पना माझी, असं मी सगळीकडं सांगतो. पहिली कुदळ मात्र तिनं मारली. साहेबांच्या टेबलावर हात आपटून तोंडी परवानगी मी आणली. अकरा घरांनी अकरा वाफे पाडले. कायदा सुलतानबीचा: पहिला तोडा आपल्या घरात न्यायचा नाही, शेजारी द्यायचा. दगडाबाई आणि हन्नाबाई नळाच्या भांडणापायी सात वर्षं बोलत नव्हत्या.

"तुझा पालक लई निबर गं," हन्नाबाईची पहिली जुडी हातात घेऊन दगडाबाई म्हणाली.

"मग टाक की शेळीला. तिला तरी चव कळंल!"

झालं, बोलणं सुरू.

उन्हाळ्यात पाणी चार दिवसांनी यायला लागलं. सुलतानबीनं भंगारातून निळा ड्रम आणला, साबणानं तीनदा धुतला, बागेच्या मधोमध ठेवला. आमच्या गल्लीत असले ड्रम घरोघरी आहेत. कुणाला काय शंका येणार? सगळे वाफे त्याच पाण्यावर.

परवा ईश्वर पहिल्यांदा बागेत आला. नवा भाडेकरू, कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्ट करतो. ड्रमावर हात टेकवला आणि झटकन काढला. बुडाशी लेबलाचा कोपरा राहिला होता. त्यावर अर्धी कवटी.

"ह्यो कुणी आणला?"

"म्या. का रं?"

"आमच्याकडं ह्याला हातमोज्याबिगर शिवत न्हाईत, मावशी."

सुलतानबी बांधावर बसली. "दोन म्हैनं," ती म्हणाली. कुणाची जुडी कुणाकडं गेली, तिला सगळं तोंडपाठ. तिची स्वतःची मेथी शिरीनला. शिरीन शेजारच्या खोलीतली, सातवा महिना. रक्त वाढतं म्हणून ही रोज समोर बसून खायला लावायची.

मला घाम फुटला, पण जागेसाठी. बातमी फुटली की नगरपालिकेला आयतं कारण.

"गप बसायचं," मी म्हणालो. "पाणी आन् पाला तपासायला देऊ. तवर कीड लागलीय म्हणून सांगू, कुणी तोडायचं न्हाई."

"आन् शिरीन?"

"आठ दिसांचा तर प्रश्न हाय!"

"गेणबा, तुला जागेची भीती. मला तिच्या पोटातल्या जिवाची."

मी भडकलो. "तुमच्या एका ड्रमापायी..." पुढचं गिळलं, पण तिनं ऐकायचं ते ऐकलं होतं. उठली. जुन्या सवयीनं मेथीचं एक पान तोडून चावलं.

"गोडच लागतंय रं," ती म्हणाली. पान पुन्हा चावून पाहिलं. "कायबी कळंना."

शिरीन भाकरी थापत होती. सुलतानबीनं उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं, काही न वगळता. ओरडली असती शिरीन तर बरं वाटलं असतं. तिनं गॅस बंद केला, पिठाचा हात पोटावर ठेवला.

"खाला," ती सुलतानबीला म्हणाली, "सकाळपासनं हाललंय का न्हाई, आठवंना मला."

मग ओढणी घेतली. "चला. काय काय खायला घातलं, ते डॉक्टरला तुम्हीच सांगायचं."

दवाखान्यात बाळाचे ठोके लागले. बाकीचं रिपोर्ट आल्यावर, डॉक्टर म्हणाले. हालचाल मात्र मोजत राहा. त्याच दुपारी सुलतानबी उरलेली घरं एकेक करून फिरली. दगडाबाईनं पाणी दिलं. हन्नाबाईनं तोंडावर दार लावलं. आणि काल नगरपालिकेची माणसं येऊन जागेचे फोटो काढून गेली. मी भांडायला गेलो नाही.

काल पहाटेपासून सुलतानबी शिरीनच्या दारात बसून होती. सातला शिरीननं दार उघडलं, म्हणाली, "हाललं." तेव्हा कुठं हिनं चहा घेतला.

आज नऊ वाजलेत. दार बंद आहे. वाजवायला मी हात उचलला, तर सुलतानबीनं मनगट धरलं.

"झोपली असंल," ती म्हणाली. मनगट काही सोडलं नाही.