सरकीचा चिकटा

मावशीची उभी नोकरी कापूस उपटण्यात गेली, असं आम्ही भाचरं म्हणायचो आणि ती डोळे वटारायची. पण खोटं काय होतं त्यात? कापूस संशोधन केंद्रातल्या एका खोलीत बसून ती एकेका सरकीवरचा तंतूंचा झुबका चिमट्यात अडकवायची. यंत्र तो हळूहळू ओढायचं आणि किती जोर लागला ते काट्यावर दिसायचं. घरी आली की तिची बोटं वळायची नाहीत. भाजीच्या पिशवीची गाठसुद्धा काका सोडायचे.

"तंतू म्हणजे सरकीच्या सालीतलीच एक पेशी गं, वाढत वाढत लांब झालेली," ती मला सांगायची. "बुडाशी तिला शेजारणींनी धरून ठेवलेलं असतं. मधे चिकटा असतो, पेक्टिनचा. जॅम घट्ट होतो ना, तो त्यानंच." हा चिकटा कमी असलेला वाण सापडला, तर कापूस अलगद सुटेल आणि जिनिंगमध्ये, म्हणजे यंत्रावर सरकी वेगळी करताना, तंतू तुटणार नाहीत, एवढाच तिचा ध्यास. बाकी जगाशी तिला देणंघेणं नव्हतं.

निवृत्तीच्या तोंडावर तसा वाण हाती लागला. ओढायला जोर कमी लागत होता. पण बोंडं उन्हापावसात राहून नुसती नरम पडली असतील, तर त्याला काही अर्थ नव्हता. म्हणून उमलताक्षणी वेचलेल्या बोंडांची एक पिशवी तिने टेबलाखाली ठेवली. त्यांचाही कापूस तितकाच सहज सुटला, तर गुण वाणाचाच; सगळं त्या पिशवीवर ठरणार होतं.

काका त्याच केंद्रात, बी धुण्याच्या शेडमध्ये. मावशीची चाचणी संपली की उरलेली पिशवी त्यांच्याकडे जायची: आधी कापूस काढायला जिनवर, मग उरलेली लव जाळायला गंधकाच्या आम्लात. वर्षानुवर्षांचा शिरस्ता. निवृत्तीच्या आदल्या दिवशी मी तिची खोली आवरायला गेले होते. तिला ओझं नको म्हणून काकांनी न विचारताच पिशवी उचलून नेलेली. संध्याकाळी परत आणली ती काळी, गुळगुळीत, चकचकीत सरकी.

"बघ, तुझी खेप वाचवली," काका खुशीत म्हणाले.

मावशीने मूठभर सरकी हातात घेतली. "ही ओढायची राहिली होती."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येईल, असं काहीतरी ते पुटपुटले. पुढच्या हंगामात ती खोली दुसऱ्या कुणाची तरी असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. मला काकांचा भयंकर राग आला आणि मावशीचाही. बाई, निदान कपाळाला हात तरी लाव! ती नुसती खुर्चीत टेकून चपला काढत होती.

"ओरड की माझ्यावर," काका म्हणाले.

"उद्या ओरडते. आज फार दमलेय हो."

दुसऱ्या दिवशी तिने सरकी साहेबांच्या हवाली केली आणि खोलीची किल्ली दिली. त्याला आता बरीच वर्षं झाली. ती अजून ओरडलेली नाही, आणि काका रोज सकाळी चहा देताना तिच्या तोंडाकडे बघत उभे राहतात.