माझ्या हातची म्हणून मिरवलेली धार

या गौरवग्रंथातील आधीच्या लेखात आमचे स्नेही प्राचार्य लिहितात, की श्री. इस्माईलभाई मुलाणी यांच्या शिष्यांत लेथच्या हत्यारांना अचूक धार लावणारा प्रस्तुत लेखकच होय. हे विधान सर्वथा चुकीचे आहे. दोष प्राचार्यांचा नाही. ही माहिती त्यांना मीच पुरवली होती आणि गेल्या महिन्यापर्यंत ती मलाही खरी वाटत होती.

इस्माईलभाईंचा प्रथम परिचय त्यांच्या सांगलीच्या कारखान्यात, खंडेनवमीला झाला. मी निवृत्त शिक्षक. त्याच वर्षी पत्नी निवर्तली होती आणि रिकाम्या घरात मी छोटा लेथ आणून बसवला होता. यंत्रांना हार घातलेले, सारे काम बंद. माझ्या हातातले कार्बाइडच्या टोकाचे हत्यार त्यांनी नुसते न्याहाळले.

"आवं गुरुजी, सायकलीला ट्रकचं चाक कशाला? बारक्या मशीनला साधं हायस्पीड स्टीलचंच बरं. अन् पितळ कापायचं तर टूलचा माथा सपाट ठेवा. उतार दिला की पितळ टूलला आत वडून घेतंय."

मी पितळी दौती घडवू लागलो. धारेसाठी घासलेली हत्यारे कागदात गुंडाळून त्यांच्याकडे तपासणीस नेई. ते धार अंगठ्याच्या नखावर टेकवीत. रुतली तर खरी, घसरली तर खोटी. "असू द्या, उद्या न्या," एवढेच म्हणत. दुसऱ्या दिवशी ते हत्यार पितळावर असे चाले, की मला स्वतःच्या हाताचा अभिमान वाटे.

गेल्या महिन्यात, त्यांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने, मी तासगावी त्यांच्या घरी गेलो. त्यांची दृष्टी आता अधू झाली आहे. त्यांच्या सांगण्यावरून सूनबाईंनी बेदाण्याचा जुना डबा पुढे ठेवला. आत माझ्या हस्ताक्षरातील कागदांत गुंडाळलेली माझी हत्यारे होती. एकूण एक. प्रत्येकाच्या धारेखालची टाच उंच राहिलेली. असे हत्यार कापत नाही, नुसते घासते.

मी विचारले, "मग मी वापरली ती कोणाची?"

"माजी. टूलचं चौकोनी तुकडं सगळी सारखीच दिसत्यात. बदलून देत हुतो."

"शिक्षकाला इतकी वर्षे फसवलेत?"

"सांगणारच हुतो. पर वैनी गेल्यावर तुमी जेवनच टाकलंवतं. दौत जमली, तवा कुटं दोन घास खाल्लासा. मग कवा सांगू? ऱ्हाऊनच गेलं." डबा माझ्याकडे सरकवीत ते म्हणाले, "आता दिसत न्हाई, बदलता येत न्हाई. बसा, घासा हितं."

मी त्यांच्या घरच्या ग्राइंडरपाशी बसलो. त्या दिवशी जमले नाही. पुन्हा पुन्हा जात राहिलो. ते डोळे मिटून घासण्याचा आवाज ऐकत. "टाच लागतीया गुरुजी. उतरवा." गेल्या मंगळवारी त्यांनी धार नखावर टेकवली आणि हसले. "चावलं की वं!"

त्यांचा कान तीक्ष्ण राहो, देह निरोगी राहो. आणि माझे प्रत्येक हत्यार पुढील अनेक वर्षे त्यांच्याच नखावर पारखले जावो.

आता प्राचार्यांच्या लेखातील तारखांची दुरुस्ती:

पहिली भेट: दसऱ्याची नव्हे, आदल्या दिवशीची, खंडेनवमीची.

पहिली दौत: पाडव्याची, हे बरोबर, धार मात्र इस्माईलभाईंची.

प्रस्तुत लेखकास धार लावता आली: त्या पाडव्याला नव्हे, गेल्या मंगळवारी.