एका गिअरवर दोन खुणा

मंडळी, आज डोकंच चालेनासं झालंय, म्हणून इथे लिहितोय.

आमची जुनी पिकअप चढावर दम सोडते आणि पांढरा धूर ओकते. सकाळी ठाकुर्लीच्या गॅरेजमध्ये नेलेली. मेकॅनिकने इंजिनचं पुढचं कव्हर उघडलं आणि मला हाक मारली.

"भाऊ, टायमिंग चुकलंय. गिअर खुणेला खूण जुळवून बसवायचे असतात, पण इथे एका गिअरवर दोन खुणा आहेत. एक कंपनीची, दुसरी कुणीतरी छिन्नीने मारलेली. कुठली धरू?"

दुसरी पप्पांची. गाडीला ते दुसऱ्या कुणाला हातच लावू द्यायचे नाहीत.

आळीपाळीने दोन्ही खुणांवर गिअर लावून बघितला. धूर तसाच.

शेवटी इंजिनचा आवाज मोबाईलवर घेऊन घरी आलो. पॅरालिसिसनंतर पप्पांची वाचा गेलीय. आवाज ऐकला आणि त्यांचे डोळे एकदम चमकले.

"पप्पा, कंपनीची खूण धरू?" मान हलली, नाही.

"मग तुमची?" पुन्हा नाही.

"अहो, मग कुठली?"

चांगल्या हाताचं बोट हवेत फिरवून ते काहीतरी दाखवत राहिले. मला कळेना. शेवटी चिडून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

गाडी तिकडे उघडी पडलीय. उत्तर इथे, माझ्यासमोर पाठ करून झोपलंय. ते बाहेर कसं काढू, कुणी सांगेल का रे?